सगळा डेटा एकाच रकान्यात आला? डिलिमिटर असा निवडा

म्युच्युअल फंडांच्या एनएव्हीची (म्हणजे एका युनिटच्या किमतीची) यादी 'अ‍ॅम्फी' ही फंड कंपन्यांची संघटना आपल्या संकेतस्थळावर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये देते. ती कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवली, की योजनेचा क्रमांक, आयएसआयएन (गुंतवणुकीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), नाव, एनएव्ही, तारीख असं सगळं पहिल्याच रकान्यात कोंबलेलं दिसतं. फाइल बिघडलेली नसते. एक रकाना संपून दुसरा कुठे सुरू होतो हे सांगणारं चिन्ह, म्हणजे डिलिमिटर, एक्सेलला कळलेलं नसतं.

म्हणून एक्सेल उघडण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये बघा. या यादीत पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आहेत आणि त्यांच्यामध्ये अर्धविराम (;) आहेत. रकाने 6, म्हणजे अर्धविराम 5. खाली डेटाच्या चार-पाच ओळींतही पाचच भरतात का, ते मोजा. योजनांच्या नावांत '-' इतक्या वेळा येतो, की तोच डिलिमिटर वाटावा. पण तो कुठे दोनदा, कुठे तीनदा. खरा डिलिमिटर डेटाच्या प्रत्येक ओळीत सारख्याच वेळा येतो. टॅब असेल तर तो नुसता मोकळी जागा म्हणून दिसतो. बाणाच्या कीने पुढे सरकताना कर्सरने एकदम उडी मारली, की तो टॅब.

आता एक्सेलमध्ये 'डेटा' टॅबवर 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल निवडा. येणाऱ्या खिडकीत 'डिलिमिटर'समोर 'सेमीकोलन' निवडलं, की खालचा नमुना लगेच रकान्यांत विभागला जातो. एखाद्या फाइलचा डिलिमिटर पाइप (|) असेल, तर तो इथल्या पर्यायांत नसतो. त्यासाठी 'कस्टम' घेऊन तो स्वतः टाइप करावा लागतो. फाइलमध्ये मराठी नावं असतील आणि नमुन्यात अगम्य चिन्हं दिसली, तर 'फाइल ओरिजिन'मध्ये '65001: युनिकोड (यूटीएफ-8)' करा. एक्सेलसारखाच मोफत लिबरऑफिस कॅल्क वापरत असाल तर काम आणखी सोपं: सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामासारख्या चिन्हाने रकाने वेगळे केलेली टेक्स्ट फाइल) उघडतानाच तो हे सगळं विचारतो.

सीएसव्हीवर डबल-क्लिक करायची सवय मात्र सोडा. तेव्हा एक्सेल काहीच न विचारता विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधलं चिन्ह धरून चालतो. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तिथल्या सीएसव्हीत रकाने बहुधा अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. तिथल्या मुलाने पाठवलेली फाइल पुण्यात विस्कटलेली दिसते, ती यामुळे.

सगळ्यात जास्त छळतो तो स्वल्पविरामच. आपल्याकडे सव्वा लाख लिहायचे 1,25,000. स्वल्पविराम हाच डिलिमिटर असेल, तर या एका रकमेचे तीन रकाने होतात आणि पुढची सगळी ओळ दोन घरं उजवीकडे सरकते. 'फ्लॅट 4, दुसरा मजला, कोथरूड' अशा पत्त्याचंही तेच. चांगल्या फाइलमध्ये असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत असतो: "1,25,000". मग आतला स्वल्पविराम डिलिमिटर मानला जात नाही. कॅल्कमध्ये 'स्ट्रिंग डिलिमिटर'च्या जागी दुहेरी अवतरणचिन्हच आहे ना, तेवढं पाहा. अवतरणचिन्हंच नसतील, तर ओळी हाताने दुरुस्त करत बसू नका. फाइल देणाऱ्याकडून तीच टॅब किंवा पाइप वापरून मागवा. सोसायटीच्या देखभाल वर्गणीच्या यादीवर अशी एक अख्खी दुपार मी घालवली आहे, आणि एवढं करून बेरीज चुकलीच.

कॅल्कमध्ये 'मर्ज डिलिमिटर्स' नावाची एक चौकट दिसेल. शब्दांमध्ये कमी-जास्त स्पेस टाकून आखलेल्या फाइलला ती उपयोगी आहे. एरवी तिला हात लावू नका. लागोपाठ दोन अर्धविराम म्हणजे मधला रकाना रिकामा आहे, आणि ही खूण केली की तो रकाना गायब होतो.

खाते क्रमांक, मोबाइल नंबर असतील तर एक्सेलच्या खिडकीत 'डेटा टाइप डिटेक्शन'ला 'डू नॉट डिटेक्ट' सांगा. नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात. 16 आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडाही शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे 15 च आकडे राखतो. एनएव्हीसारखे रकाने मागाहून संख्येत बदलता येतात.

अ‍ॅम्फीच्या यादीत मधूनमधून फंड घराण्यांची आणि योजनांच्या प्रकारांची नावं स्वतंत्र ओळीत येतात. त्या ओळींत डिलिमिटर नसतो, म्हणून त्या पहिल्याच रकान्यात राहतात. तारखेच्या रकान्याला फिल्टर लावून रिकाम्या ओळी वगळा, की नुसत्या योजना उरतात.