फोमबोर्डचं स्पिटफायर बनवताय? या चुका टाळा

माझं पहिलं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, चार सेकंद उडालं. मित्राने व्हिडिओ काढला होता, म्हणून सेकंद नेमके सांगता येतात. हातातून सुटलं, नाक वर केलं, आणखी वर केलं, क्षणभर शेपटीवर उभं राहिलं आणि डाव्या पंखावर कलंडून द्राक्षबागेच्या बांधाला नाक रोवून बसलं. आम्ही दोघांनी वाऱ्याला शिव्या घातल्या. घरी येऊन तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तेव्हा कळलं, वाऱ्याचा काही संबंध नव्हता. विमान तीन आठवड्यांपूर्वी टेबलावरच पडलं होतं. आम्ही फक्त ते तासगावच्या माळापर्यंत नेलं.

त्यानंतर चार स्पिटफायर झाली, दुसऱ्यांची कितीतरी पडताना पाहिली. चुका बहुतेक त्याच त्या. खाली जे आकडे आहेत ते साधारण एक मीटर पंखविस्ताराच्या विमानाचे आहेत. खऱ्या स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर, म्हणजे आपलं मॉडेल अंदाजे सव्वाअकरा पटींनी लहान. लांबी ८१ सेंमीच्या आसपास येते.

दुकानात होणारी चूक

स्टेशनरीच्या दुकानात जाऊन "सनबोर्ड द्या" म्हणालात, तर पाटीवाले वापरतात तो पीव्हीसीचा बोर्ड हातात पडण्याची शक्यता मोठी. दिसायला तोच, पांढरा, पाच मिमी. पण तो चौरस मीटरला अडीच किलोच्या घरात जातो. आपल्याला हवा तो दोन कागदांच्या मध्ये फोम असलेला बोर्ड, ज्याचं वजन त्याच्या पाव हिश्शाच्या आगेमागे असतं. ओळखायची सोपी खूण: कोपऱ्याला नख लावा. कागद सुटला आणि आत थर्माकोलसारखा मऊ फोम दिसला तर घ्या. सगळीकडे एकजीव प्लॅस्टिक लागलं तर पाटी रंगवा, विमान नको.

पावसाळ्यात आणलेला बोर्ड दुकानातच ओलसर झालेला असतो. त्याचा पंख रात्री सरळ चिकटवलात तरी सकाळी पापडासारखा वाकडा होतो. पंखासाठी बोर्ड निवडताना तो डोळ्यासमोर आडवा धरून कडेवरून नजर टाका, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे.

शेपूट: स्पिटफायरचं खरं दुखणं

माझ्या पहिल्या विमानात रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) आणि एलिव्हेटर (आडवी हलती पट्टी) हलवणारे दोन सर्वो, म्हणजे छोट्या मोटरी, मी शेपटीतच बसवले होते. कारण पुशरॉड, म्हणजे सर्वोपासून पट्टीपर्यंत जाणारी तार, लांब नको, काम सोपं. दोन नऊ ग्रॅमचे सर्वो, म्हणजे अठरा ग्रॅम. एवढ्याने काय होतंय?

होतं ते असं. स्पिटफायरचं नाक मॉडेलमध्ये आखूड पडतं. खऱ्या विमानात त्या नाकात मर्लिनसारखं अजस्र इंजिन होतं, आपल्या नाकात जेमतेम पन्नास ग्रॅमची मोटर. तोल सांभाळायच्या जागेपासून शेपूट नाकाच्या साधारण दुप्पट अंतरावर. म्हणजे शेपटीत वाढवलेला प्रत्येक ग्रॅम नाकात दोन ग्रॅम शिसं मागतो. माझ्या अठरा ग्रॅमचे छत्तीस झाले. त्यात शेपटीला दिलेला रंगाचा दुसरा हात, ग्लू गनने मायेने ओतलेला गोंद, खोटं शेपूटचाक. एवढं सगळं मी शेपटीत भरलं होतं आणि नाकात त्याच्या बदल्यात काहीच टाकलं नव्हतं, कारण तोल मोजलाच नव्हता.

सर्वो पंखाच्या वरच्या पोकळीत बसवा आणि पुशरॉड मागे न्या. रॉड मध्येच वाकत असेल तर त्याला पतंगाची कामटी बांधा, शेपटीत सर्वो ढकलू नका. शेपटीच्या पट्ट्यांवर एका बाजूचा कागद काढला तरी चालतं, वजन चांगलंच उतरतं. बॅटरीची जागा नाकात शक्य तितकी पुढे ठेवा आणि ती मागेपुढे सरकेल अशी करा. शिशापेक्षा बॅटरी सरकवलेली केव्हाही स्वस्त.

आता तोल, म्हणजे सीजी (गुरुत्वमध्य). या आकाराच्या स्पिटफायरचा पंख मुळाशी साडेबावीस सेंमी रुंद असतो. पहिल्या उड्डाणासाठी पंखाच्या पुढच्या कडेपासून, मुळाशी मोजून, ५ ते ५.५ सेंमीवर दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. बॅटरी, प्रॉप (नाकावरचा पंखा), झाकण, सगळं जागेवर हवं. आणि इथे बहुतेकांची चूक होते: स्पिटफायरचा पंख खाली आहे, म्हणून विमान उलटं करून तोला. सुलटं धरलं तर वजन बोटांच्या वर राहतं, विमान डुगडुगतं, आणि तुम्हाला हवा तो निकाल ते दाखवतं. उलटं करून दोन पेन्सिलींच्या रबरी टोकांवर खुणा टेकवा. नाक किंचित खाली झुकून स्थिर राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर त्या दिवशी उडवायचं नाही, मग मैदानावर कितीही लोक जमलेले असोत. नाकजड विमान रडतखडत का होईना उतरतं, शेपूटजड विमान तुमचं ऐकतच नाही.

पंखाच्या टोकांचा नाद

स्पिटफायर म्हणजे तो लंबगोल पंख, हे कबूल. पण फोमबोर्डला लंबगोल हौशीने गोल करत गेलात की टोकं चिंचोळी, पातळ आणि मऊ होतात. विमान हळू झालं, वळणात थोडं ओढलं की हवेची पकड आधी त्या टोकांना सुटते आणि पंख झटकन पालथा पडतो. पाच-सात सरळ तुकड्यांत कडा कापा. दहा मीटरवरून कुणाला फरक कळत नाही.

मूळ विमान बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न सोडवावा लागला होता. खऱ्या स्पिटफायरचा पंख मुळाशी दोन अंश वर रोखलेला आणि टोकाला अर्धा अंश खाली पिळलेला आहे. आपणही टोकाची मागची कडा दोन-तीन अंश वर पिळून चिकटवावी. ते विसरलात आणि पंख बंद झाला असेल तर एक चोरवाट आहे: दोन्ही एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मधल्या स्थितीतच दीड-दोन मिमी वर राहतील असे लावा. थोडा वेग जातो, पण पंख वाचतो.

वजनावरही हेच अवलंबून. या पंखाचं क्षेत्रफळ जवळपास १७.८ चौरस डेसिमीटर येतं. सगळं मिळून विमान ८५० ग्रॅममध्ये बसलं तर चौरस डेसिमीटरला ४८ ग्रॅम, उडवायला बरं. १२०० ग्रॅमवर तोच आकडा ६७ होतो, आणि मग ते उतरवताना मोटारसायकलच्या वेगानेच आणावं लागतं.

गोंद, रंग आणि एप्रिल महिना

फेविक्विकसारखा झटपट गोंद साध्या फोमला खातो. एक थेंब आणि जागी खड्डा. साधा स्प्रेचा रंगही उघड्या फोमवर तेच करतो. कागदावरून चालला म्हणून खूश होता, आणि कापलेल्या कडेतून तो आत शिरून कडा वितळवतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्या, पातळ हात द्या.

ग्लू गन ही आपली खरी सोबतीण, पण तिचं एक गुपित लक्षात ठेवा: उन्हात तोच गोंद पुन्हा मऊ होतो. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेलं विमान अर्ध्या तासाने काढलं तर मोटरची पाटी हाताने हलत होती. वर गडद हिरवा-तपकिरी रंग, त्यामुळे ऊन दुप्पट शोषलं. मोटरची पाटी लाकडी फळीवर स्क्रूने बसवा आणि फळी इपॉक्सीने चिकटवा.

रंगाचंच आणखी एक. लढाऊ विमानाचे रंग दिसू नये म्हणूनच शोधलेले असतात, आणि ते शंभर मीटरवर आपलं काम चोख करतात. विमान येतंय की जातंय, पोट दिसतंय की पाठ, कळत नाही. १९४४-४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या स्पिटफायरवरचं गोल चिन्ह निव्वळ निळ्या छटांचं होतं. जपानी विमानावरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यातला लाल काढून टाकला होता. मी तीच रंगसंगती वर ठेवतो आणि पोटाला मात्र भडक केशरी पट्टे मारतो. इतिहासाच्या शौकिनांना राग येतो, येऊ दे.

मोटर आणि वायरी

आपल्याकडे सर्रास मिळणारी २२१२ मोटर वेगवेगळ्या केव्हीमध्ये (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो आकडा) येते आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. १००० केव्हीला १० इंची प्रॉप ठीक. तोच प्रॉप २२०० केव्हीच्या मोटरवर थ्री-सेल बॅटरीने फिरवला तर पहिल्याच मिनिटात जळका वास येतो. २२०० ला ६ इंची प्रॉप पुरे. मोटरवरचा आकडा वाचूनच प्रॉप घ्या.

मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. मोटर बरोबर फिरतेय, आवाजही दणदणीत, तरी ओढ नाही? प्रॉप उलटा बसलाय. आकडे छापलेली बाजू पुढे, उडण्याच्या दिशेला हवी. मागे वारा येतोय एवढ्यावर समाधान मानू नका, उलटा प्रॉपही वारा मागेच फेकतो, फक्त बराच कमी.

हवेत सर्वो थरथरले किंवा क्षणभर सगळं मेल्यासारखं झालं, तर रिमोटला दोष देण्याआधी ईएससीकडे, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटकडे पाहा. स्वस्त ३० अँपिअरच्या ईएससीतून सर्वोंना मिळणारा करंट साधारण दोनच अँपिअर असतो. त्यातला एक सर्वो बिजागरीच्या घट्टपणामुळे अडकून बसला की बाकीच्यांची आणि रिसीव्हरची उपासमार होते. एलेरॉन बोटाने हलवून पाहा, स्वतःच्या वजनाने खाली लोंबला पाहिजे.

फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटला की मोटर बंद करणारी सोय) लावलाय का, हे प्रॉप काढून तपासा. मोटर चालू ठेवून रिमोट बंद करा. मोटर थांबली पाहिजे.

हातातून सोडताना

चाकं लावू नका. खऱ्या स्पिटफायरची चाकं जवळजवळ होती आणि जमिनीवर ते अवघडच होतं. गवतात आपल्या मॉडेलचं नाक खाली आणि शेपूट वर होणार हे ठरलेलं. पोटाला फायबरची टेप लावा आणि हातातून उडवा.

सोडण्याआधी विमानाच्या मागे उभे राहून मोठ्याने म्हणा: रिमोटची काठी उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. काठी मागे, एलिव्हेटर वर. हास्यास्पद वाटतं, पण उलट्या एलेरॉनने पडलेली विमानं मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. शिवाय ती पडतात नवख्यांची नव्हे, रात्री घाईने सर्वो बदललेल्या जुन्या खेळाडूंची. सुरुवातीला या हलत्या पट्ट्या मधल्या जागेपासून १०-१२ मिमीच हलू द्या.

नवशिक्या फेकणारा विमान वर, आकाशाकडे फेकतो. त्यानेच ते मरतं. वाऱ्याकडे तोंड, नाक क्षितिजाला समांतर, फार तर किंचित वर, आणि भाल्यासारखं सरळ पुढे ढकलायचं. थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण नको, पाऊण. पूर्ण दिलात तर हळू असलेल्या विमानाला मोटरची पीळ डावीकडे लोळवते. मोटर दोन-तीन अंश उजवीकडे आणि तेवढीच खाली रोखलेली असेल तर हे बरंच कमी होतं. पहिले पाच सेकंद वळू नका, चढूही नका. वेग येऊ द्या.

हवेत गेल्यावर विमान होडीसारखं वरखाली डोलत असेल तर तोल मागे आहे. हात सोडल्यावर नाक खाली जात राहिलं तर पुढे आहे. थ्रॉटल वाढवला की नाक उसळी घेतं, म्हणजे मोटर पुरेशी खाली रोखलेली नाही.

माळ कसा निवडावा

ऊस तुटलेलं रान लांबून सपाट दिसतं, पण त्यातले बुडखे विमानाचं पोट सुरीसारखं फाडतात. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा हवेतून दिसत नाहीत. त्यापेक्षा गवताळ माळ बरा. घारी येतातच. घार वर असेल तर खाली या, तिच्याशी कसरती करायचा मोह आवरा.

ड्रोन नियम, २०२१ आपल्यालाही लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या भागातच उडवा, तिथे साधारण ४०० फुटांपर्यंत मुभा असते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. पुण्याकडच्या मंडळींनी लोहगाव लक्षात घेऊन नकाशा आधी उघडावा.

पडल्यावर

पहिल्यांदा थ्रॉटल शून्यावर, मग धाव. गवतात अडकलेला प्रॉप तुम्ही पोहोचेपर्यंत मोटर आणि ईएससी दोन्ही जाळतो. नाक तुटलं असेल तर ग्लू गनने तिथेच चिकटवता येतं, पण मोटरचा कोन डोळ्याने न जोखता घरच्या कागदी साच्याने जुळवा.

बॅटरी मात्र बाहेर काढून बोटांनी चाचपा. कोपरा दबलाय, उशीसारखी फुगलीय किंवा गोडसर वास येतोय, तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. मोकळ्या जागी, गवतापासून लांब, अर्धा तास लक्ष ठेवून ठेवा. घरी नेताना गाडीच्या डिकीत, इतर बॅटऱ्यांसोबत, अजिबात नको. दुसरी बॅटरी नसेल तर त्या दिवशीचं उडवणं तिथेच संपलं.