ब्रशचा फटकारा प्लेटवर जसाच्या तसा हवा असेल तर शुगर लिफ्ट करून बघा

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट प्रिंट करताना बऱ्याच जणांचं एक होतं, कॅनव्हासवर हात मोकळा चालतो आणि छापायची धातूची प्लेट समोर आली की सुईने जपून जपून रेघा सुरू, फटकाऱ्यातला जोरच निघून जातो. यावर जुना उपाय शुगर लिफ्ट, म्हणजे साखरेच्या पाकाने थेट प्लेटवर ब्रश चालवायचा. पिकासोने वापरलाय, अमेरिकन अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रकार रॉबर्ट मदरवेलनेही भरपूर.

तांब्याची प्लेट खडूची पूड आणि अमोनियाने घासून तेलकटपणा काढा, पाणी सलग पसरलं पाहिजे, थेंब थेंब होत असेल तर परत घासा. मग गरम पाण्यात साखर मावेल तेवढी विरघळवून काकवीसारखं दाट करा, त्यात काळी इंक (नुसता पाक प्लेटवर दिसत नाही) आणि लिक्विड सोपचे दोन थेंब, नाहीतर पाक आकसून त्याचे गोळे होतात.

आता फटकारा. एका दमात मारा, ब्रश कोरडा पडत जातो तिथे केसांच्या रेषा सुटतात, त्या भरून सारख्या करायला जाऊ नका, प्रिंटमधे खरी मजा त्यांचीच. आणि हो, प्रिंट उलटी येते! उजवीकडे वर चढणारा फटकारा छापल्यावर उजवीकडे उतरताना दिसतो, म्हणजे दाखवायची होती उभारी आणि झाली घसरण. आधी कागदावर मारून आरशात बघा.

पाक वाळला की वरून हार्ड ग्राउंडचा (धातू खाल्ला जाऊ नये म्हणून लावायचा मेणकट लेप) पातळ हात, तोही वाळला की प्लेट कोमट पाण्यात. साखर फुगून ग्राउंड फोडते, मऊ ब्रशने हलकेच मदत करायची. ग्राउंडचा थर जाड असेल तर तासभर ठेवूनही ढिम्म हलत नाही. उघड्या पडलेल्या धातूवर रोझिनची (राळेची) पूड भुरभुरून खालून गरम करा (मास्क लावूनच, आणि पूड उडत असताना जवळ आग नको) आणि मग प्लेट फेरिक क्लोराईडमधे, ते उघडं तांबं खातं. रोझिन लावलंच नाही तर रुंद फटकाऱ्याच्या मधे इंक टिकत नाही, कडा काळ्या आणि पोट फिकं येतं.

राहिला प्रतीकांचा प्रश्न, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधून अर्थ कसा दाखवायचा. त्रिकोण म्हणजे शक्ती, वर्तुळ म्हणजे शून्य असं आधी ठरवून काढलं की माझ्या मते पोस्टर होतं. चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची १९७० च्या दशकातली ‘वून्ड्स’ मालिका बघा, १९४३ चा बंगालचा दुष्काळ बघितलेला माणूस, पण चित्रात माणूस नाही, इंकसुद्धा नाही. मातीच्या थरावर चिरा पाडल्या, त्यावरून सिमेंटचा साचा केला आणि त्यात कागदाचा लगदा दाबला. पांढऱ्यावर पांढरी जखम. चिरण्याची कृती हेच तिथलं प्रतीक.

हेच आपल्या प्लेटवर करायचं तर फटकाऱ्याचा एखादा भाग सोडून बाकी सगळं वार्निशने झाका आणि तेवढा भाग खूप खोल खाऊ द्या. छापताना तिथली इंक पूर्ण पुसून टाका म्हणजे कागद तिथे पांढराच वर उचलून येतो. त्यासाठी ३०० जीएसएमचा जाड कॉटन पेपर नीट भिजवलेला हवा, पातळ कागद खोल कडांवर फाटतो.