‘फुल्गेरुल’चा सेवाइतिहास कसा जुळवावा

सुरुवात नावापासून करा. रोमानियन भाषेत पुल्लिंगी व नपुंसकलिंगी शब्दांना निश्चित उपपद (इंग्रजी ‘the’सारखे) सहसा शेवटी ‘-उल’ म्हणून जोडतात, त्यामुळे ‘फुल्गेरुल’ (अर्थ वीज) ही रोमानियन नौदलाची गनबोट, म्हणजे लहान तोफनौका, ‘फुल्गेर’ म्हणूनही शोधा. ‘रांदुनिका’ या टॉर्पेडो नौकेसारख्या नावांची अडचण निराळी. 1953 ते 1993 या काळातल्या छापील मजकुरात त्यातल्या स्वरासाठी दुसरे अक्षर आहे, म्हणून दोन्ही लेखने तपासावी लागतात.

मग तारखा. रोमानियात 1919 पर्यंत जुनी, ज्युलियन कालगणना चालू होती. आजच्या ग्रेगोरियन गणनेची तारीख काढायला एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत 12 दिवस मिळवा. 1900 च्या मार्चपासून 13. नोंद करताना दोन्ही तारखा लिहाच. रशिया-तुर्की युद्धात, 1877 च्या मे महिन्यात ‘रांदुनिका’ने डॅन्यूब नदीवर मचीनजवळ ‘सैफी’ हे तुर्की मॉनिटर (चिलखती नदी-युद्धनौका) बुडवले. ती रात्र जुन्या गणनेने 13-14 मे, नव्या गणनेने 25-26 मे. एक तारीख जुनी आणि दुसरी नवी घेतली, की एकाच हल्ल्याचे दोन हल्ले होतात. ही चूक फार वेळा दिसते.

बांधणीचे वर्षही एकच धरू नका. ‘फुल्गेरुल’ 1873 मध्ये फ्रान्समध्ये तुलाँ येथे बांधली गेली, पण तोफ बसली रोमानियातल्या गलात्स बंदरात, 1874 मध्ये. रोमानिया तेव्हा ऑटोमन साम्राज्याचा मांडलिक होता आणि काळ्या समुद्राची वाट तुर्की सामुद्रधुनीतून जाई. म्हणून तक्त्यात बांधणी, आगमन आणि शस्त्रसज्जता असे तीन वेगळे रकाने ठेवा.

मित्रपक्षाची, म्हणजे रशियाची, कागदपत्रेही पाहा. युद्धात रशियन दलाकडे दिलेल्या ‘रांदुनिका’ला त्यांनी ‘त्सारेविच’ म्हटले.