दोन दिवसांच्या गोव्यात गाइड घ्यावा का?

मे महिना लागला की नणंदेचा इचलकरंजीहून फोन ठरलेला. "वहिनी, दोनच दिवस येतोय, टूर बुक करून टाकू का?" मी पणजीत मळा नावाच्या वस्तीला लागून राहते, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात पाहुण्यांच्या आधी पोचतो. माझं विचारणं एकच असतं: तुला गाडी हवीये की सांगणारा माणूस?

नुसती गाडी हवी असेल तर टूरच्या भानगडीत पडू नका. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे एका बसच्या टूरला गेलो होतो. दिवसभरात आठ 'पॉइंट'. मंगेशीला पंधरा मिनिटं, त्यातली निम्मी चपला ठेवण्यात आणि परत शोधण्यात गेली. काजूच्या दुकानात मात्र पाऊण तास. तिथे ड्रायव्हरला कसलीच घाई नव्हती. सासूबाईंना त्या दिवसातला अजून फक्त बसचा एसी आठवतो.

मिरामार, मांडवीतली संध्याकाळची बोट, बेतीची फेरी, पणजीचं मार्केट इथे गाइडचं काही काम नाही. आपले आपण जा.

जुन्या गोव्याला (ओल्ड गोवा) मात्र गाइडवर पैसे खर्च करा. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्यावरून जाणारी फोंड्याची बस धरली की अर्ध्या तासात पोचता. कोकण रेल्वेनं येत असाल तर करमळीलाच उतरा, तिथून ते जवळ आहे. तिथली बॉम जेझूची बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, 1605 मध्ये पूर्ण झाली. तिच्या भिंतींचा चिरा उघडा का, हे मला गाइडनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं: तिला गिलावा होता, तो 1950 च्या दशकात काढून टाकला. मला वाटायचं, पाद्र्यांचे पैसे संपले असतील!

खरा फरक कळतो तिथल्याच सांत आगुस्तीन चर्चच्या पडक्या मनोऱ्यापाशी. पहिल्यांदा एकटी गेले, 46 मीटर उंचीचा तो तुटका मनोरा पाहिला, फोटो काढला, दहा मिनिटांत परत. दुसऱ्या वेळी सोबतचे गाइडकाका पडक्या भिंतींच्या मधोमध थांबले आणि जॉर्जियाच्या केतेवान राणीबद्दल सांगू लागले. 1624 मध्ये इराणातल्या शिराझला तिला हाल करून मारलं, कारण तिनं धर्म सोडायला नकार दिला. आगुस्तीन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थी इथे आणल्या. पुढे 1842 मध्ये छत कोसळलं आणि सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. उत्खननात सापडलेल्या हाडांची हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली, आणि 2021 मध्ये भारतानं त्यातला काही भाग जॉर्जियाला दिला. एवढं ऐकल्यावर तिथून पाय निघत नव्हता. हे सगळं त्या चिऱ्यांकडे बघून मला कधी कळलं असतं?

दुसरी जागा आमच्याच बाजूची, फोंतैन्हास, पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. दीड तासाची पायी फेरी, सकाळी आठला सुरू होणारी. दुपारी नको, उन्हानं डोकं भणभणतं. इथे गाइड घ्या म्हणते त्यात आमचाही थोडा स्वार्थ आहे: त्याच्यासोबत आलेली माणसं लोकांच्या सोप्यावर चढून फोटो काढत नाहीत. आणि तिथल्या सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, तो तुम्हाला क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे बघायला लावेल. ते उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता.

बुक करण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. गटात किती माणसं? दहा-बारांच्या वर असली तर मागच्यांना काही ऐकू येत नाही. मराठीत किंवा कोंकणीत सांगणार का? सासूबाईंसारखं कुणी सोबत असेल तर हे फार महत्त्वाचं. आणि वाटेत दुकान आहे का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर फोन ठेवा. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा (प्रार्थना) असते, तेव्हा जुनं गोवं शनिवारीच उरका. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.

यंदा नणंदेनं एकच सकाळ गाइडला दिली, बाकी दीड दिवस मोकळा. फोनवर तिनं आधी दुकानाचंच विचारलं. "तुम्हाला जायचं असेल तरच," तो म्हणाला. जायचं नव्हतं, काजू मी आधीच मार्केटमधून आणून ठेवले होते.