हाय-पॉवर एलईडी जातो तो पाठीकडून: बसवताना या चुका टाळा

बेळगावच्या वडगावातल्या एका यंत्रमाग शेडचा दिवा एप्रिलमध्ये माझ्याकडे आला. "अण्णा, परत गेली की ओ लाईट!" मालकाने दोन महिन्यांत 10 वॅटच्या तीन चिप बदलल्या होत्या आणि तिन्ही मधोमध काळ्या पडल्या होत्या. ड्रायव्हर, म्हणजे चिपला ठरलेला करंट पुरवणारं सर्किट, तपासला, करंट बरोबर होता. मग चिप उचलून खाली पाहिलं. निम्म्या भागात थर्मल पेस्ट (चिप आणि तिच्यामागचा धातू यांच्या सांध्यात लावायची) दाबून पसरली होती. उरलेल्या भागात ती टाकली तशीच, ढिगासारखी सुकून बसली होती. चार भोकांपैकी एकातच स्क्रू होता, त्यामुळे चिप दुसऱ्या बाजूने उचललेली राहिली होती.

जळालेली चिप फेकण्याआधी तिच्या पाठीवरची पेस्ट नक्की बघा. बिघाड कुठे झाला ते तिथंच दिसतं.

साध्या बल्बची बरीचशी उष्णता प्रकाशासोबत समोर निघून जाते. एलईडीची जात नाही. बाजारातल्या साध्या चिपमध्ये दिलेल्या विजेचा ढोबळमानाने 60 ते 70 टक्के भाग उष्णता होतो, आणि ती जवळजवळ सगळी पाठीमागूनच बाहेर पडते. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता 200 वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास, साध्या पेस्टची 1 ते 4, आणि स्थिर हवेची फक्त 0.026. पेस्ट लावायची ती सांध्यातली हवा घालवण्यासाठी. जाड थापली तर तीच अडसर होते. 20 मिलिमीटरच्या स्टार प्लेटला (चिप जिच्यावर बसवलेली असते त्या ताऱ्याच्या आकाराच्या पट्टीला) तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पुरते. फोमचा डबल टेप तर हवेचीच गादी, तो या कामाला अजिबात वापरू नका.

हीटसिंकचा, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या मागच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा, पृष्ठभाग सपाट हवा. पावडर कोटिंग असेल तर चिपच्या जागेपुरतं खरवडून काढा, भोक पाडल्यावर कडेला आलेली बर (धातूची उठलेली धार) घासा. भंगारातला तुकडा घेतला असेल तर उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमधून लेथवर फेसिंग मारून, म्हणजे तोंड सपाट कातून घ्या. तेवढं जमत नसेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. एकदम करकचून आवळले की प्लेट वाकते आणि मधली जागा सुटते. स्टार प्लेटवर स्क्रूचं डोकं सोल्डरच्या पॅडला टेकतं, म्हणून खाली फायबर वॉशर घाला.

"बेळगाव थंड, इथं काय तापतंय?" हे मला नेहमी ऐकायला मिळतं. हिशोब मात्र हीटसिंकभोवतीच्या हवेचा करावा लागतो. 10 वॅटच्या चिपची 7 वॅट उष्णता धरा. हीटसिंक दर वॅटला 5 अंश तापणारा असेल तर 35 अंश वाढले. पत्र्याखाली दुपारची हवा 45 अंश असेल तर हीटसिंक 80 वर गेला, आणि चिपचा गाभा त्याहून वरच. त्यात मागाच्या धाग्याची तूस फिनांमध्ये (हीटसिंकच्या पात्यांमध्ये) अडकली की हवा फिरतच नाही. फिना उभ्या ठेवा आणि दर महिन्याला ब्रश मारा. गणपतीच्या बंद मखरात स्पॉट लावतानाही मागे हवेला वाट ठेवा.

खानापूरकडच्या पावसासाठी दिवा सील करताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका. त्याची वाफ आत कोंडली तर चिपचा चांदीचा मुलामा काळवंडतो. न्यूट्रल सिलिकॉन घ्या आणि पूर्ण सुकल्यावरच दिवा बंद करा.

फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीला 9 ते 11 व्होल्टची चिप थेट जोडणारे शेतकरी मी बरेच पाहिले आहेत. चिप तापली की तिला लागणारा व्होल्टेज कमी होतो, त्यामुळे करंट वाढतो, मग ती आणखी तापते. हीटसिंक कितीही मोठा लावला तरी हे चक्र पुरतं थांबत नाही. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच हवा, आणि तोही हीटसिंकवर चिकटवलेला नको. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं.

एका गोष्टीबद्दल मात्र हात जोडून सांगतो. थेट 230 व्होल्टवर चालणाऱ्या डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड, म्हणजे ड्रायव्हर प्लेटवरच असलेल्या) प्लेटमध्ये मेन्स आणि हीटसिंक यांच्या मध्ये इन्सुलेशनचा फक्त एक पातळ थर असतो. धातूच्या बॉडीला अर्थिंग केल्याशिवाय ती लावू नका, आणि चालू असताना तापमान बघायला बोट लावू नका.

ड्रायव्हरवाल्या दिव्याचं तापमान मल्टीमीटरच्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) प्लेटवर, चिपच्या अगदी कडेला मोजा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खूपच कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून मग मोजा. आकडा स्थिर व्हायला अर्धा-पाऊण तास द्या. आणि मोजायचं ते टेबलावर नाही, दिवा जिथं लागणार तिथं, पत्र्याखाली, दुपारी तीनला.