निरीश्वरवाद मांडताना या चुका टाळा

निरीश्वरवादाची बाजू घेणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडखळतात. समोरचा जे म्हणतच नाही, ते खोडत बसतात. आपल्याकडच्या जुन्या वादग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायची पद्धत होती, आणि तोही असा की प्रतिपक्षाने मान डोलवावी. ती पायरी गाळली की खालच्या चुका ओळीने होतात.

‘सगळ्याला कारण असतं, मग देवाला कोणी केलं?’

हा प्रश्न नैयायिकाला, म्हणजे ईश्वर अनुमानाने सिद्ध करणाऱ्या न्यायदर्शनाच्या अनुयायाला, लागतच नाही. त्याचं अनुमान असं आहे: पृथ्वी वगैरेंना कर्ता आहे, कारण त्या कार्य आहेत, घटासारख्या. कार्य म्हणजे ज्याला आरंभ आहे ते. ईश्वर त्याच्या मते अनादि, म्हणून तो या नियमाबाहेर. ‘सगळ्याला कारण असतं’ असं तो कुठेही म्हणालेला नाही.

घाव घालायचा तर व्याप्तीवर, म्हणजे ‘जे कार्य, त्याला कर्ता’ या नियमावर घाला. कुंभार, सुतार, गवंडी असे जितके कर्ते आपण पाहिले, त्यांना देह होता, हत्यारं होती आणि माती-लाकूड आधीपासून हजर होतं. घटाच्या दृष्टान्तावरून काही सिद्ध झालंच, तर देह असलेला, साधनांवर अवलंबून असलेला कर्ता सिद्ध होतो. सृष्टीआधी प्रजापतीला शरीर कुठून आलं, असं कुमारिल भट्टांनी विचारलं होतं, आणि ते तर वेद प्रमाण मानणारे मीमांसक.

कर्त्याशिवाय उगवणाऱ्या रानातल्या गवताचं उदाहरण देणार असाल तर उत्तराची तयारी ठेवा. नैयायिक म्हणेल, गवत पक्षातच मोडतं; वाद ज्याच्याबद्दल आहे, तेच उलट उदाहरण म्हणून कसं चालेल? यावर विचारायचं ते इतकंच: डोंगर, नद्या, गवत सगळं पक्षात ढकललं, तर दृष्टान्ताला फक्त माणसाच्या हातच्या वस्तू उरल्या. तेवढ्यावरून डोंगराबद्दल बोलायचा अधिकार कुठून आला?

‘दिसत नाही, म्हणून नाही’

सगळ्यात जास्त होणारी चूक ही, आणि सगळ्यात जुनीही. दहाव्या शतकाच्या सुमारास नैयायिक उदयनाचार्यांनी तिची यथेच्छ खिल्ली उडवली आहे. न दिसणं म्हणजे नसणं असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला, म्हणजे प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणाऱ्याला, बायकामुलं दिसत नाहीत. त्याने ती नाहीशी झाली असं समजून छाती पिटत रडायला हवं!

यातला मुद्दा गंभीर आहे. न दिसण्यावरून अभाव तेव्हाच सिद्ध होतो, जेव्हा वस्तू असती तर दिसलीच असती. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. टेबलावर तांब्या दिसत नाही म्हणजे तो तिथे नाही, हे बरोबर. खोलीत विषाणू दिसत नाही म्हणून तो नाही, हे चूक.

म्हणून बोलण्याआधी दोन गोष्टी ठरवा. पहिली, कोणता देव? दुसरी, तो असता तर कोणती खूण सापडायला हवी होती? नवसाला पावणारा, रोग बरे करणारा देव असेल तर खूण सांगता येते आणि तपासताही येते. तिथे पुराव्याचा अभाव हा खरोखर अभावाचा पुरावा ठरतो. जो काहीच करत नाही अशा निर्गुण तत्त्वापुढे मात्र हे हत्यार बोथट. तिथे लाघवाचा, म्हणजे कमीत कमी गृहीत धरण्याचा युक्तिवाद वापरा: जे मानल्याशिवाय सगळ्याची उपपत्ती लागते, ते मानणं हे गौरव, म्हणजे विनाकारण वाढवलेलं ओझं. याने अभाव सिद्ध होत नाही. मानायला कारण उरत नाही, इतकंच.

दुःखाचा मुद्दा आयात करताना

‘देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर जगात दुःख का?’ तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी 1955 साली यात सरळ तार्किक विसंगती दाखवायचा प्रयत्न केला. ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅल्विन प्लँटिंगा यांनी इच्छास्वातंत्र्याच्या आधारे उत्तर दिल्यावर ‘पूर्ण अशक्य’ हा दावा टिकवणं कठीण झालं. विल्यम रो यांची 1979 ची मांडणी अधिक सावध आहे: वणव्यात अडकून दिवसचे दिवस तडफडणारं हरणाचं पाडस, कोणाच्याही लाभाचं न दिसणारं दुःख, देव असण्याची शक्यता कमी करतं. ‘अशक्य’ऐवजी ‘कमी संभाव्य’ म्हणा.

पण मॅकी आणि रो ख्रिस्ती कल्पनेशी भांडत होते. आपल्याकडे समोरून उत्तर येतं कर्माचं. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (2.1.34) विषमता आणि निर्दयता या आक्षेपांना उत्तर दिलं आहे की ईश्वर प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेने फळ देतो, आणि सृष्टीच्या आरंभी कर्म कुठून आलं, असं विचारलं तर पुढचं सूत्र म्हणतं, संसार अनादि आहे. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, एवढं म्हणून थांबलात तर हे उत्तर ऐकावं लागणारच. तिथून पुढे विचारा: फळ कर्मानेच ठरत असेल तर ईश्वराचं काम काय उरलं? मीमांसकांनी नेमकं हेच धरून ईश्वर बाजूला ठेवला.

किरकोळ, पण वाद घालवणाऱ्या

बुवाची हातचलाखी उघडी पाडली म्हणजे देव नाही हे सिद्ध होत नाही. नरेंद्र दाभोलकर हा फरक काटेकोर पाळत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असं ते सांगत. ‘देवाची कल्पना भीतीतून आली’ हेही तसंच: कल्पना कुठून आली यावरून ती खोटी ठरत नाही.

नास्तिक म्हणजे निरीश्वरवादी, असं जुन्या ग्रंथांबद्दल बोलताना धरू नका. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदनिंदक. आणि चार्वाकाच्या तोंडी ‘ऋण काढून तूप प्या’ घालण्याआधी सगळ्या दर्शनांचा आढावा घेणारा चौदाव्या शतकातला सर्वदर्शनसंग्रह उघडा. त्याच चार्वाक प्रकरणाच्या सुरुवातीला हाच श्लोक तुपाशिवाय येतो: ‘नास्ति मृत्योरगोचरः’, मृत्यूच्या टप्प्याबाहेर कोणी नाही.

‘विज्ञानाने सिद्ध केलंय’

प्रयोगशाळेत दैवी कारण धरत नाहीत, हा कामाचा नियम आहे. निसर्गापलीकडे काहीच नाही, हा तत्त्वज्ञानातला दावा. पहिल्यावरून दुसऱ्यावर आपोआप जाता येत नाही. मधली पायरी दाखवावी लागते. ती पायरी अशी, की निसर्गातल्या कारणांनी स्पष्टीकरण मिळवत जाण्याचा इतिहास लांब आहे, उलट दिशेचा जवळपास नाही. हे अनुमान आहे, सिद्धी नव्हे.

सांख्यदर्शनाच्या सूत्रांतलं (1.92) ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ‘ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून’, इथे उपयोगी पडतं. त्यावर सोळाव्या शतकातले भाष्यकार विज्ञानभिक्षू यांनी बारीक बोट ठेवलं: सूत्रकाराला ईश्वर नाहीच म्हणायचं असतं, तर त्याने ‘ईश्वराभावात्’, म्हणजे ‘ईश्वर नाही म्हणून’, असं लिहिलं असतं. सूत्रकाराच्या मनात काय होतं यावर वाद घाला, पण तुमच्या पुराव्याला यातला कोणता शब्द पेलतो, ते तोंड उघडण्याआधी ठरवा.