एआयकडून देखणेपण मोजून घेताय? या चुका टाळा

वेगवेगळ्या समाजांतल्या पुरुषांचे चेहरे, त्यांना लोकांनी दिलेले गुण आणि ते गुण ओळखायला शिकलेलं मॉडेल: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय झकास आहे. ऐरोली-नेरूळच्या कॉलेजांतली मुलं असं काही हाती घेतात तेव्हा सगळा जोर कोडवर लावतात. घोटाळा बहुतेक वेळा त्याआधीच, फोटो काढताना आणि गुण देताना झालेला असतो.

आधी गट. आडनावावरून समाज ठरवू नका. बेलापूरचा पाटील आगरी असेल, त्याच्याच सोसायटीतला कोल्हापूरचा पाटील मराठा किंवा जैनही असेल. माणसालाच विचारा, आणि फॉर्मवर ‘सांगायचं नाही’ हाही पर्याय ठेवा. तयार डेटासेटवर विसंबून हे काम होत नाही. फेअरफेसमध्ये 1,08,501 फोटो आणि सात गट आहेत, पण त्यात अख्खा भारत एकाच गटात. चेहऱ्यांना गुण दिलेल्या एससीयूटी-एफबीपी5500 या संचात 2000 आशियाई आणि 750 गोरे पुरुष, गुण देणारे 60 जण. भारतीय असा वेगळा गटच नाही. शिकागो फेस डेटाबेसचा भारतीय संच आहे, पण तो दिल्लीत टिपलेल्या 142 चेहऱ्यांचा. त्यावरून ठाण्यातल्या कोळी आणि सिंधी पुरुषांबद्दल काही बोलायला जाऊ नका.

सर्वात जास्त गोंधळ कॅमेरा घालतो. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं. 2018 साली अमेरिकेत झालेल्या एका गणितानुसार, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत 30 सेंटीमीटरवरच्या फोटोत नाकाचा तळ सुमारे 30 टक्के रुंद दिसतो. म्हणजे एका गटाचे सेल्फी आणि दुसऱ्याचे ट्रायपॉडवरचे फोटो घेतलेत, तर नाकांची तुलना तिथेच बाद. सगळ्यांना दीड मीटरवर उभं करा आणि फोनचा ब्युटी मोड बंद करा, कारण तो रंगही उजळवतो. प्रकाशाचंही तेच. काही फोटो संध्याकाळी तलावपाळीच्या पिवळ्या दिव्यांखाली आणि काही कॉलेजच्या ट्यूबलाइटखाली काढले असतील, तर मॉडेल दिवेच ओळखायला शिकतं. शंका आली तर प्रत्येक फोटोतला चेहरा काळ्या चौकोनाने झाका आणि उरलेला फोटो मॉडेलला द्या. तरीही गुण बऱ्यापैकी जुळत असतील, तर त्याने चेहरा बघितलाच नव्हता!

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक कटकट म्हणजे दाढी. चेहऱ्याची मापं घ्यायला वापरलं जाणारं डीलिब हे सॉफ्टवेअर चेहऱ्यावर 68 बिंदू टाकतं, त्यातले 17 जबड्याच्या कडेवर. दाट दाढी असली की ते बिंदू हाडाऐवजी केसांच्या कडेला जाऊन बसतात आणि ‘या गटाचे जबडे रुंद’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर त्या गटात दाढीवाले जास्त निघालेले असतात. निदान काही फोटो बिंदूंसकट स्क्रीनवर उघडून डोळ्यांनी तपासा आणि दाढीची नोंद वेगळ्या रकान्यात करा. शीख मुलाला पगडी काढायला सांगू नका, कपाळाचं माप वगळा. सौंदर्याचं सूत्र म्हणून मिरवल्या जाणाऱ्या 1.618 च्या सुवर्ण गुणोत्तराच्या नादी तर लागूच नका.

गुण (समजा एक ते पाच) कोण देतंय? हॉस्टेलवरच्या दहा मित्रांनी दिले तर मॉडेल त्या दहा जणांची आवड पाठ करतं. प्रत्येक गटातले, वेगवेगळ्या वयांचे स्त्री-पुरुष घ्या. ओळखीचा चेहरा आला तर तो त्यांनी सोडून द्यावा. फोटोंचा क्रम प्रत्येकासाठी बदला आणि काही फोटो दोनदा दाखवा: एकाच चेहऱ्याला आधी दोन आणि नंतर चार देणाऱ्याचे गुण बाजूला ठेवा. यंत्राची आवड किती एकांगी होऊ शकते ते बघा: ब्युटी डॉट एआय या 2016 च्या सौंदर्यस्पर्धेत यंत्राने निवडलेल्या 44 विजेत्यांपैकी सावळ्या-काळ्या वर्णाचा जेमतेम एक होता.

मॉडेलची चूक, म्हणजे त्याचे आणि लोकांचे गुण यांतला फरक, फारच कमी आली तर लगेच पार्टी करू नका. लोक बहुतेक चेहऱ्यांना मधलेच गुण देतात, त्यामुळे सगळ्यांना डोळे मिटून तीन देणारं मॉडेलही हुशार वाटतं. त्या ‘सगळ्यांना तीन’शी तुलना करा आणि चूक गटागणिक वेगळी काढा, एकत्र सरासरीत ती लपते.

इन्स्टाग्रामवरून फोटो उचलू नका, लेखी संमती घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा मुलगा बालकच धरला जातो, त्याच्यासाठी पालकांची परवानगी लागते. आणि चेहऱ्याशेजारी गुण लिहिलेला स्क्रीनशॉट बॅचच्या व्हॉट्सअप ग्रुपवर जाऊ देऊ नका, ज्याला 1.8 मिळालेत तोही त्याच ग्रुपमध्ये असतो.